गाडीखाली आडवं झाल्याशिवाय जुनी फोर बाय फोर घेऊ नका

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बोनेट उघडायला लावतो. इंजिन चालू करतो, कान देतो, जाणकारासारखी मान डोलावतो, मग दारं उघडून-लावून बघतो. साध्या कारला हे चालून जातं. फोर बाय फोर घेताना मात्र हा क्रम उलटा करा. इंजिन बिघडलं तर खोलून बांधता येतं, अगदीच गेलं तर दुसरं बसवता येतं. कुजलेली चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बदलायची म्हणजे गाडी नव्याने उभी करायची. शिवाय चारही चाकांना ताकद पोचवणारी जी यंत्रणा आहे, जिच्यापायी तुम्ही ही वजनदार आणि जास्त तेल पिणारी गाडी घ्यायला निघालात, ती सगळी खाली, अंधारात, चिखलाच्या थराआड असते. विकणारा पॉलिश मारतो ते वरून.

मला ही अक्कल खिशाला चाट बसल्यावर आली. पहिली फोर बाय फोर घेताना रंग, सीटा आणि इंजिनाचा आवाज यांवर भुललो. गिअरच्या दांड्याशेजारचा फोर बाय फोर टाकायचा तो दुसरा, छोटा दांडा ओढून बघायचं सुचलंच नाही. पहिल्याच चिखलात तो ओढायला गेलो तर जागचा हलेना. आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षं वापरलाच नव्हता. ‘ऑफ-रोडला कधीच नेलेली नाही’ हे वाक्य तेव्हा मला गाडीचं कौतुक वाटलं होतं. आता ते ऐकलं की मी आणखी बारकाईने बघतो.

घरी बसून करायचं काम

आधी ती गाडी कोणत्या जातीची फोर बाय फोर आहे ते समजून घ्या, कारण तपासणी त्यावर ठरते. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली पार्ट-टाइम. एरवी फक्त मागची चाकं ओढतात, दांडा किंवा बटण टाकलं की पुढचीही जोडली जातात. सुझुकी जिम्नी या जातीची. यात पुढच्या आणि मागच्या धुरीच्या (ॲक्सलच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, पण दोन्ही धुऱ्या एकाच वेगाने फिरायला बांधलेल्या असतात. कच्च्या जमिनीवर चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून पार्ट-टाइम गाडीची फोर बाय फोर कोरड्या पक्क्या रस्त्यावर तपासायची नाही. विकणाराच तसं करून दाखवायला लागला तर आजवर त्याने ती कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

दुसरी फुल-टाइम. लाडा निवा किंवा लँड रोव्हर डिफेंडर यांची चारही चाकं कायम ओढतात, मध्ये एक सेंटर डिफरन्शियल असतो आणि तो गरजेला लॉक करता येतो. तिसरी जात म्हणजे मागणीनुसार मागच्या चाकांना ताकद पाठवणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या. यांत बहुतेक वेळा लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची खालची पायरी) नसते आणि काम एका क्लचच्या जुडग्यावर चालतं.

त्या मॉडेलचं मालकासाठीचं पुस्तक मिळवा आणि फोर बाय फोर नेमकी कशी टाकायची ते वाचून जा. काही गाड्यांत चालत्या गाडीत टाकता येते, काहींत थांबावं लागतं, काहींत खाली उतरून पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे मधले तुकडे) हाताने फिरवावे लागतात. आणखी एक गंमत अशी, की एकच मॉडेल टू-व्हील आणि फोर-व्हील अशा दोन्ही रूपांत विकलं जातं. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’ अशी पट्टी चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे. खरी खूण खाली असते: पार्ट-टाइम गाडीत पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा आणि गिअरबॉक्सकडून त्याच्याकडे जाणारा शाफ्ट.

फोनवर मालकाला तीन प्रश्न विचारा. फोर व्हील शेवटची कधी टाकली होती? दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या धुरीला वाटणाऱ्या पेटीचं) ऑइल कधी बदललं? गाडीत काय-काय बदल केलेत? इंजिन ऑइलची तारीख बहुतेकांना तोंडपाठ असते. डिफरन्शियलच्या ऑइलची तारीख पटकन सांगणारा माणूस भेटला तर गाडी बघायला नक्की जा. शेवटी एक विनंती करा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि धुऊ नका.

सोबत घ्यायचं सामान फार नाही. चांगली टॉर्च, जुनी चादर, हातमोजे, बोथट स्क्रूड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, पांढऱ्या कागदाचे तुकडे आणि मोजायची टेप. मोबाइलला जोडायचा स्कॅनर असेल तर उत्तम. जुने कपडे घालून जा. नव्या शर्टातला माणूस गाडीखाली शिरत नाही.

चॅसी नंबर

कागदपत्रं बघण्यात नवखा माणूस सहसा चुकत नाही, म्हणून थोडक्यात. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांना सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. तो कागदावर, पाटीवर आणि चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला असा सगळीकडे एकच हवा. ठोकलेला क्रमांक पुढच्या एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला असणं नेहमीचं. तिथे फडकं फिरवा. भोवतालचं लोखंड घासलेलं, वेल्डिंग केलेलं किंवा एवढ्याच तुकड्यावर ताजा रंग दिसला तर पुढची तपासणी करायची गरज नाही. गाडीवर कर्ज शिल्लक नाही ना, याची खात्री मालकाच्या शब्दावर सोडू नका.

आता चादर अंथरा

गाडी सपाट जागी उभी असू दे, गिअरमध्ये असू दे, चाकांमागे लाकडी ठोकळे किंवा दगड लावा. फोर बाय फोर उंच असल्याने बहुतेक वेळा जॅक न लावताच खाली शिरता येतं, आणि तेच बरं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. जुन्या डिफेंडरसारख्या गाड्यांत हँडब्रेक चाकांना लागत नाही, ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टला लागतो. अशा गाडीचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते.

खाली गेल्यावर आधी नुसतं बघत पडा. दोन मिनिटं काहीही हलवू नका, ठोकू नका. नजर सरावली की काय जुनं आणि काय नवीन ते आपोआप वेगळं दिसायला लागतं.

अस्सल फोर बाय फोरची चॅसी बहुतेक वेळा शिडीसारखी असते. दोन लांब पोकळ तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पाय. वरचा तांबूस गंज जवळपास प्रत्येक जुन्या गाडीवर असतो, त्याला घाबरायचं नाही. भीती पापुद्रे सुटणाऱ्या गंजाची. ही चॅसी आतून कुजते, कारण पोकळ तुळईत चिखल आणि पाणी साठतं आणि बाहेर पडायची भोकं बुजलेली असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत पुढून मागे सरका. चांगलं लोखंड टणत्कार देतं, कुजलेलं बद्द वाजतं. मागच्या धुरीवर तुळई जिथे कमानीसारखी वर जाते ती जागा, बॉडी जिथे चॅसीवर टेकते ते कान, पाटे किंवा स्प्रिंग जिथे बसतात ते खोबण आणि सगळ्यात मागचा आडवा पाय, या चार ठिकाणी वेळ घालवा. भोकांतून टॉर्चचा उजेड आत टाका. बद्द वाजलेल्या जागी मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर विषय संपला. ज्याला काही लपवायचं नाही तो नको म्हणत नाही.

नाव मोठं म्हणून ही तपासणी टाळू नका. टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या फ्रेम वेळेआधी गंजल्याचा सामूहिक दावा टोयोटाला २०१६ साली अमेरिकेत तडजोड करून मिटवावा लागला होता. लँड रोव्हरची तऱ्हा आणखी निराळी. १९४८ मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतरच्या पोलादटंचाईमुळे तिचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला गेला आणि ती पद्धत पुढे टिकली. त्यामुळे जुन्या डिफेंडरचा पत्रा ठणठणीत दिसतो आणि खालची पोलादी चॅसी चाळण झालेली असते.

चॅसीवर नुकताच काळा डांबरी लेप चढवलेला दिसला तर मी तरी थांबतो. काळजी घेणारा मालकही लेप देतो, पण तो गाडी विकायच्या आठवड्यात नाही. लेपावरून चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लोखंडाऐवजी लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरलेलं असणार. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चुंबक तसंही धरत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या, नाहीतर बिचाऱ्या मालकावर उगाच आळ घ्याल.

अपघाताच्या खुणाही इथेच सापडतात. पुढच्या तुळयांवर सुरकुती, एका बाजूला वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातली सुबक, बोल्टच्या डोक्यांवर उडालेला रंग. बाहेर येऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा. डावी-उजवीकडे बोटभर फरक असेल तर स्प्रिंग खचलीय, पाटा मोडलाय किंवा चॅसीच वाकलीय.

तेलं, शाफ्ट आणि हब

खरी फोर बाय फोर इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

शाफ्टपासून सुरू करा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, म्हणून ठोकळे नीट लागलेत का ते पुन्हा बघा. पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळा आणि वर-खाली हलवा. गिअरच्या दातांमधला थोडा पिळाचा ढिलेपणा चालतो. पण टोकाच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यात, खटखट लागता कामा नये. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत. हे काम स्वस्तातलं, पण त्यावरून कळतं की या गाडीला ग्रीस देणारं कोणी नव्हतं.

मग डिफरन्शियल. दोन्हींच्या पोटावर ठोकर बसल्याच्या खुणा आहेत का ते बघा आणि त्यानंतर मालकाची परवानगी काढून भरायचा बोल्ट उघडायला लावा. मोठ्या शोरूममध्ये हे कुणी करू देत नाही, पण विचारायला काय जातं! बोट घालून ऑइल कागदावर टिपा. काळपट असेल तर जुनं आहे, एवढंच. दुधाळ, ताकासारखं असेल तर आत पाणी गेलंय. ते कसं जातं हे समजण्यासारखं आहे. चालून तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. यासाठी डिफरन्शियलला श्वास घ्यायला एक बारीक नळी वर नेलेली असते. ती चिखलाने बुजली किंवा तुटली की तो सीलमधून पाणी पितो. म्हणून त्या नळीचं वरचं टोक शोधा आणि मोकळं आहे का ते पाहा. अशी नळी ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सलाही असते. ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप असणं नैसर्गिक आहे. नखाएवढी किंवा सुईसारखी चकाकती कपची निघाली, तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय.

गळतीबद्दल नवखे जरा जास्तच घाबरतात. जुन्या फोर बाय फोरच्या सीलभोवती ओल आणि धुळीचा थर असतोच. थेंब लोंबकळत असेल तर सील बदलायचं. जमिनीवर थारोळं असेल तर आत किती ऑइल उरलंय आणि त्याविना गाडी किती चालली, ही काळजी. एखादी जागा एकदम कोरडी-स्वच्छ, आणि बाकी सगळं मळकट? तिथलं कालच पुसलंय.

पुढच्या चाकांकडे या. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी बूट दिसतील. फाटलेल्या बुटातून ग्रीस उडून आसपास पसरलेलं असतं आणि आत गेलेली वाळू जॉइंट खाऊन टाकते. पुढे अखंड धुरी असेल, तर जुन्या लँड क्रूझर किंवा जिम्नीच्या चाकामागे लोखंडी चेंडूसारखा गोळा असतो. त्यावर ग्रीसची पातळ पुटी हवी. तिथून पातळ काळं सार वाहत असेल तर धुरीतलं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. दुरुस्ती होते, पण चाक, हब, बेअरिंग असं सगळं खोलून.

हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही स्वतः फिरवून बघा. पक्कड लावावी लागली तर ते जाम झालेत. हा तपशील छोटा वाटेल, पण एका बाजूचा हब जरी पकडला नाही तरी पुढच्या डिफरन्शियलमधली सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूने वाया जाते. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागलेला, आणि गाडी मात्र मागच्या दोन चाकांवरच. नीट खात्री हवी असेल तर गॅरेजमध्ये पुढचं चाक उचलून फिरवा: हब मोकळा असताना आतला शाफ्ट स्थिर राहायला हवा, लॉक केल्यावर चाकाबरोबर फिरायला हवा.

चाक उचललेलंच आहे तर वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा लागला तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ). डावी-उजवीकडे धरून हलवताना लागला तर स्टेअरिंगचे जोड.

ओरखडे आणि पाणी

खालच्या संरक्षक पत्र्यावर ओरखडे दिसले म्हणून तोंड वाकडं करू नका. तो पत्रा त्यासाठीच असतो. ओरखडे असलेली, पण ऑइलं वेळच्या वेळी बदललेली गाडी मला कधीही पसंत. बघायचं ते हे, की मार पत्र्यावरच थांबला की पुढे गेला. वाकलेला स्टेअरिंगचा दांडा, पिचकलेली तेलाची नळी, दबलेली डिझेलची टाकी ही पुढे गेल्याची लक्षणं.

पाण्यात बुडालेली गाडी मात्र हात जोडून सोडून द्यावी. ती ओळखायची जागा आतमध्ये आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, कारण गाडी धुणारा माणूस तिथवर पोचत नाही आणि गाळाची रेघ पट्ट्यावर राहून जाते. कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात लावा. सीटच्या रुळांवर, पेडलच्या स्प्रिंगवर गंज आहे का पाहा. दिव्यांच्या काचेत आडवी पाण्याची रेघ, फ्यूजच्या डब्यात माती, बंद गाडीत सुगंधी फवाऱ्याचा भपका. अशी गाडी आज चालते. वायरिंगच्या जोडांत शिरलेली ओल काही महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पाडायला लागते.

मागच्या मालकाची हौस

फोर बाय फोरवाल्यांना गाडी उंच करायचा नाद असतो. पन्नास मिलिमीटरपर्यंत उचललेली गाडी नीट केलेली असेल तर त्रास देत नाही. त्याहून उंच केली की शाफ्टचे कोन तिरपे होतात, क्रॉस लवकर झिजतात, स्टेअरिंगची भूमिती बिघडते आणि ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात. स्प्रिंगखाली नुसते ठोकळे सरकवलेत की पूर्ण संच बदललाय, ते बघा. बदल कागदोपत्री मंजूर आहेत का, हेही विचारा.

मोठ्या टायरचा एक हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मूळ ३१ इंची टायरच्या जागी ३३ इंची बसवले, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी साधारण साडेसहा टक्के जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. म्हणजे टायर पहिल्यापासून तेच असतील, तर मीटरवरच्या एक लाख किलोमीटरमागे प्रत्यक्षात सुमारे एक लाख साडेसहा हजार झालेत. शिवाय क्लच, ब्रेक आणि धुरीवर तेवढा जादा भार.

टायर पाहताना चारही एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे हवेत. फुल-टाइम आणि ऑल-व्हील गाड्यांत ही नुसती शोभेची बाब नाही. एक टायर नवा आणि तीन गुळगुळीत असले तर घेर वेगळा पडतो, आणि सेंटर डिफरन्शियल किंवा मागचा क्लच सरळ रस्त्यावरही सतत झिजत राहतो. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचंही माप तपासा. मोठे टायर बसवून स्टेपनी जुन्याच मापाची ठेवलेल्या गाड्या ढिगाने मिळतात.

इंजिन, थोडक्यात

बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून तुमच्यापासून काहीतरी लपवलंय, किंवा तो तुमची विनंती विसरलाय. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडून कुलंटवर तेलाचा तवंग नाही ना, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी नाही ना, ते पाहा. गाडी स्वतः चालू करा. गरम झाल्यावरही निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कुलंट. डिझेल गाडीने जोर लावताना किंचित काळा धूर सोडला तर ठीक, ढग सोडला तर नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. हलकी वाफ चालते. झाकण उडवून टाकेल असा फुसफुस दाब असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत, मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. स्कॅनर असेल तर चुकांचे कोड वाचाच, पण स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या दाखवतोय का तेही बघा. सगळ्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

चालवून बघताना

आधी साध्या रस्त्यावर, टू-व्हीलमध्ये. काचा वर, रेडिओ बंद, मालक शेजारी असेल तर त्याला गप्पा मारू देऊ नका. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी तेवढी धावत नाही, म्हणजे क्लचप्लेट संपली. पाय दाबताना आणि सोडताना गिअर आपोआप सुटत नाही ना ते बघा. पाय दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर निघत असेल तर तो डिफरन्शियल रडतोय. पुढे अखंड धुरी असलेल्या गाडीत मध्यम वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि थांबेचना, तर पुढचे सगळे जोड, बुश आणि किंगपिन संशयित.

आता सपाट, मोकळी, कच्ची जागा गाठा. खडी, माती, गवत काहीही चालेल. गाडी फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या गिअरमध्ये, टाका. दांडा जोर न लावता पडला पाहिजे, दिवा लागला पाहिजे. बटणावर चालणाऱ्या गाडीत दिवा लुकलुकत राहिला तर आतली मोटर किंवा व्हॅक्यूमची नळी काम करत नाही. कधीकधी थोडं पुढे-मागे केल्यावर तो स्थिर होतो, तेवढी सवलत द्या. मग स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश एक गोल मारा. पार्ट-टाइम गाडी अडखळत, कोणीतरी मागून धरल्यासारखी फिरेल. नवख्याला वाटतं बिघाड आहे. उलट आहे! पुढची चाकं खरोखर जोडली गेल्याचा तो पुरावा. टू-व्हीलमध्ये जशी मोकळी फिरते तशीच फोर एचमध्येही फिरली तर पुढे काहीच पोचत नाहीये. हाच गोल टू-व्हीलमध्ये, काच उघडून मारताना पुढच्या चाकातून कट-कट-कट ऐकू आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाजवळचा, बुटाच्या आतला सांधा) गेला.

फुल-टाइम गाडीत हीच तपासणी सेंटर लॉक लावून करा: लॉक सोडल्यावर मोकळी, लावल्यावर अडखळती.

लो रेंजसाठी गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलमध्ये घ्या, फोर एल (चारही चाकं, लो रेंज) टाका. पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी चालायला हवी, कारण बहुतेक गाड्यांत लो रेंज चाकांचा वेग निम्म्याहून खाली आणते. रँग्लर रुबिकॉनमध्ये तर हे प्रमाण चारास एक आहे. चालताना ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दोन-तीन वेळा. दांडा उडी मारून बाहेर आला किंवा ट्रान्सफर केसमधून साखळी घसरल्यासारखा आवाज आला तर दुरुस्तीचं बिल मोठं असेल. छोटा उतार मिळाला तर ब्रेकला हात न लावता पहिल्या गिअरवर उतरून बघा. मागे-पुढे डिफ लॉक (धुरीची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप) असतील तर सैल जमिनीवर, सरळ चालताना लावा आणि सोडा. लागणं जितकं महत्त्वाचं तितकंच सुटणं.

ऑल-व्हील गाडीत ओढून बघायला दांडा नसतो. तिथे सैल चढावर थांबून हळू निघा आणि बाहेर उभ्या माणसाला मागची चाकं ढकलतात का ते बघायला सांगा. मागच्या क्लचच्या ऑइलची नोंद सर्व्हिसच्या पुस्तकात शोधा. ती बहुतेकांनी कधीच केलेली नसते.

परत आल्यावर गाडी तशीच उभी ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली शिरा. थंड असताना न दिसलेला थेंब आता दिसतो. चारही हबजवळ हात न्या, लावू नका. एकच जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय.

घ्यायची की सोडायची

टायर, शॉकॲब्सॉर्बर, बुश, क्रॉस, फाटलेले बूट, ओलसर सील ही सगळी भाव पाडून घ्यायची कारणं. प्रत्येकाचा खर्च गॅरेजमध्ये विचारा, बेरीज करा आणि ती बेरीज मालकासमोर ठेवा. कुजलेली किंवा वाकलेली चॅसी, न जुळणारा नंबर, बुडालेली गाडी, कुलंटमध्ये ऑइल आणि फोर एल टाकूच न देणारा मालक, यांवर घासाघीस करायची नसते. ‘दांडा जरा घट्ट आहे, वापरला की सुटेल’ हे खरंही असू शकतं. मग त्यांनीच तो सोडवून द्यावा, पैसे नंतर.

मन बसलं असेल तर सौद्याआधी त्याच जातीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिकला अर्धा दिवस देऊन गाडी उचलून दाखवा. तुम्ही टिपलेल्या शंका त्याला कागदावर लिहून द्या, म्हणजे तो इंजिनापासून सुरू करणार नाही.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल अशी पाचही ऑइलं बदला, सगळ्या श्वासनळ्या साफ करा आणि निघालेलं जुनं ऑइल फेकण्याआधी उन्हात धरून बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा कच्च्या जागेवर जाऊन फोर एच आणि फोर एल टाकून दहा मिनिटं फिरवत जा. चिखल असो वा नसो, तो छोटा दांडा हलता राहिला पाहिजे.